सात अक्षरं आणि एक हरकत

नाही, पण तुम्हीच मला सांगा, सकाळी माणसाला जाग कशानं यावी? कोंबड्यानं यावी, समोरच्या कॉफीवाल्याच्या शटरनं यावी, गेला बाजार भाजलेल्या डुकराच्या वासानं यावी, बँकॉकपासून लांब दक्षिणेला आमचं त्रांग, त्या गावातली अर्धी माणसं त्या वासावरच उठतात... मला, एवढी घोडी झाले तरी, अजून शिट्टीनं जाग येते. फुर्रर्र! आणि शिट्टीपाठोपाठ अंगणातून बाबांचा आवाज, "हात वर, रीटेन्स! हात खाली, रेटिनाज! उडी मारा, नॅस्टिअर! गुडघे वर, स्टेनर!" आणि त्या तालावर शाळेची पंधरा-वीस पोरं उड्या मारतायत, कुंड्या हलतायत, वाळत घातलेले कपडे खाली पडतायत, आणि शेजारचा कुत्रा, त्या कुत्र्याला तर आता कुठल्या शब्दावर भुंकायचं तेसुद्धा पाठ झालंय. तो नॅस्टिअरला भुंकतो. का? मला काय विचारता!

तुम्हाला सांगते, माझे बाबा, प्रयून मास्तर, मुळात कवायतीचे मास्तर. इंग्रजीचा आणि त्यांचा संबंध फुटबॉलवर छापलेल्या अक्षरांपुरता. पण आमच्याकडे शाळेत प्रत्येक मास्तराच्या गळ्यात एकेक मंडळ असतंच, कुणाकडे नाच, कुणाकडे बागकाम, आणि मी जन्मले त्या वर्षी निघालं इंग्रजी अक्षरांच्या खेळाचं मंडळ. इंग्रजीच्या तिन्ही बायांनी हात वर केले. एकीला बाळ होणार होतं, एकीची बदली होणार होती, तिसरीचं नुसतंच डोकं दुखणार होतं. हेडमास्तरांनी इकडेतिकडे बघितलं, तर दारात बाबा उभे, काखेत चेंडू. "मास्तर, तुम्ही घ्या की." झालं! आता वडीलधारा माणूस तोंडानं म्हणाला म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? भीड! आमच्याकडे मेली ही एकच गोष्ट भाताहून जास्त पिकते. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही, पण आमच्या घरात ती बहीण कायमची राहायला आलीय, आणि तिचं जेवण मी वाढते.

खेळ तुम्हाला थोडक्यात सांगते, नाहीतर माझी पुढची रडकथा कळायची नाही. थैलीत हात घालून प्रत्येकानं सात सोंगट्या उचलायच्या, आपल्यापुढच्या पट्टीवर मांडायच्या, एकेका सोंगटीवर एकेक इंग्रजी अक्षर, त्यांचा शब्द जुळवायचा आणि पटावर लावायचा. सातच्या सात एकदम लागल्या की वर पन्नास गुणांचं बक्षीस. आणि समोरच्याला वाटलं की हा शब्द बनावट आहे, यादीत नाही, तर त्यानं हात वर करायचा आणि म्हणायचं, हरकत. शब्द खोटा निघाला तर सोंगट्या परत उचला, गुण शून्य, पाळी गेली. बस, एवढंच. शब्द यादीत आहे की नाही? आहे? मग खरा. आणि अर्थ? अर्थ विचारायचा नाही!

हसू नका. माझ्या बाबांना लाखभर इंग्रजी शब्द पाठ आहेत, लाखभर! आणि एकदा बाजारात एका गोऱ्या बाईनं त्यांना विचारलं, धक्क्याकडे कुठून जायचं, तर बाबा कुठे? शेवयांच्या गाडीमागे! उकिडवे! ती बाई बिचारी गाडीभोवती एक चक्कर मारते, बाबा दुसरी मारतायत, शेवयावाला मध्ये झारा धरून उभा. लाख शब्दांतला एक, अहो एक, 'लेफ्ट' म्हणायचं होतं नुसतं! घरी आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "चार अक्षरांचा शब्द आहे, गुण किरकोळ."

आणि त्या लाखातली ही जी सात अक्षरं आहेत ना, ए, ई, आय, एन, आर, एस, टी, ही आमच्या घराची कुलदैवतं. का, तर थैलीत हीच अक्षरं जास्त, त्यामुळे एकत्र हाताला लागतात हीच, आणि त्या सातांची उलटापालट केली की अकरा शब्द होतात. अकरा! रीटेन्स, रेटिनाज, नॅस्टिअर, स्टेनर, अँट्सिअर, रेट्सिना, स्टिअरिन... पुढचे चार मी म्हणणार नाही, माझं पित्त खवळतं. ज्याला हे अकरा येत नाहीत तो माणूसच नव्हे, असं बाबांचं मत. आईच्या साठीला बाबांनी केक आणला, आमच्या त्रांगचा, मध्ये भोक असलेला, आणि त्यावर साखरेनं इंग्रजीत लिहून आणलं, स्टिअरिन. म्हणे सातही अक्षरं किती शोभून दिसतात! आईचे डोळे भरून आले. तिनं केकचा तो अक्षरांचा तुकडा दोन दिवस कापू दिला नाही. मी मेली नसती चौकशी करायला गेले, शब्दकोश उघडला, तर स्टिअरिन म्हणजे मेणबत्तीत घालतात ती चरबी. आईला सांगितलं नाही, बाबांना सांगितलं. बाबा माझ्यावरच चिडले. "तुला कुणी सांगितलं होतं अर्थ बघायला?" बरोबर आहे, माझंच चुकलं. अर्थ विचारायचा नाही!

बरं, माझं नाव काय आहे ठाऊक आहे? कागदावरचं नाव सोडा, ते फक्त मतदानाला लागतं. आमच्याकडे माणूस जन्मभर टोपणनावानंच ओळखला जातो. लोक पोरींची नावं काय ठेवतात, चिमणी, मासोळी, गोगलगाय... माझं नाव झॅक्स. का? तर एका मुलीत झेड आणि एक्स, दोन्ही महागडी अक्षरं! आईला झ म्हणता येत नाही, ती मला आयुष्यभर सॅक म्हणत आलीय. चौथीत असताना मी ग्रंथालयात जाऊन बघितलं. झॅक्स म्हणजे छपराच्या दगडी फरश्या तोडायची कुऱ्हाड. कुऱ्हाड! रडत घरी आले. बाबांनी मांडीवर घेतलं, डोळे पुसले आणि प्रेमानं म्हणाले, "वेडाबाई, अर्थाला काय गुण असतात का?"

आता अशा घरातली मुलगी दुसरं काय स्वप्न बघणार? मला मोटार नको होती, बँकॉक नको होतं. मला एक घर पाहिजे होतं जिथे जेवताना सॉस मागितला तर सॉस मिळेल. आमच्याकडे आई सॉस मागते, बाबा बाटली हातात घेतात, तिच्याकडे बघत बसतात आणि म्हणतात, "सॉसच्या मागे डी लागतो, आर लागतो, एस लागतो, तीन नवे शब्द." लागतो ना, लागू दे, बाटली इकडे दे! भात गार होतो हो.

तुम्ही म्हणाल, मग नवरा त्याच खेळातला का बघितलास? अहो, दुसरा माणूस आमच्या उंबऱ्याच्या आत येतो कधी? जो येतो तो थैली घेऊन येतो. कम्रोनही तसाच आलेला. बाबांचा जुना विद्यार्थी, आता इथून जवळच कांतांगला शाळेत गणित शिकवतो. मोठा खेळाडू, पण स्वभावानं... काय सांगू, त्याच्या पायावर कुणी पाय दिला तर हाच माफी मागतो. दरवर्षी गुरुवंदनेच्या दिवशी, एवढा बाप्या झाला तरी, आमच्या रीतीप्रमाणे वांग्याची फुलं आणि दूर्वा घेऊन यायचा, बाबांच्या पायाशी डोकं टेकायचा. पण इतकी वर्षं इतके लोक आले आणि गेले, मला "झॅक्स, पाणी आण" म्हणाले, हा एकटाच असा की ज्यानं विचारलं, "तू जेवलीस का?" आणि मग एकदा म्हणाला, "लग्नानंतर कांतांगला नदीकाठी घर घेऊ. घरात पट ठेवणार नाही. शपथ." लोक डोळ्यांवर भाळतात, आवाजावर भाळतात. मी त्या वाक्यावर भाळले. घरात पट नाही!

बाबांना सांगितलं. हो नाही आणि नाही नाही. म्हणाले, "आधी सामना होऊ दे. माणूस पटावर कळतो." म्हणजे झालं काय होतं, की जिल्ह्याच्या स्पर्धेत यंदा अंतिम सामना पडला नेमका या दोघांचा. शनिवारी सामना, आणि रविवारी कम्रोनची लामाय आत्या रीतसर मागणी घालायला येणार, असं ठरलेलं. आत्याचं भाजलेल्या डुकराचं दुकान आहे, तिनं आख्खं डुक्कर मसाला लावून ठेवलं होतं. माझं आख्खं भवितव्य आणि आत्याचं आख्खं डुक्कर, दोन्ही त्या पटावर!

सामना मॉलमध्ये, तळमजल्यावर. एका बाजूला भाताच्या कुकरचा सेल, दुसऱ्या बाजूला चपलांचा, मध्ये हे दोघं. आणि हातात माईक कुणाच्या? माझ्या! कारण कुकरवाल्यांनी बक्षीस म्हणून कुकर दिला होता, त्यांना पटावर कोण काय लावतंय ते पुकारायला बाईचा आवाज पाहिजे होता, आणि एवढे शब्द पुकारू शकणारी गावात बाई एकच, कुऱ्हाड. पुकारणाऱ्यानं स्वतःचं काही बोलायचं नसतं. एक होणारा नवरा, एक बाप, आणि मी तोंड असून मुकी.

तुम्हाला सांगते, शेवटी शेवटी काय अवस्था! थैली रिकामी. कम्रोन चाळीसेक गुणांनी पुढे. बाबांच्या पट्टीवर शेवटच्या सात सोंगट्या. मी मागून वाकून बघितलं आणि अंगावर काटाच आला. ए, ई, आय, एन, आर, एस, टी. कुलदैवतं! सातही! आता अकरांतला कुठलाही शब्द लावा आणि चषक घ्या. मी म्हटलं वा, बाबा जिंकतील, कम्रोन हरेल, मास्तरांकडून हरण्यात कसली लाज, उलट बाबा खुशीत, उद्या आत्या येईल, डुक्कर कापू, संपलं.

बाबांनी हात पुढे केला. थांबले. परत मागे घेतला. मी कधी बघितलं नव्हतं हो त्यांचा हात त्या अक्षरांवर थांबलेला... मग एकदम लावल्या सातही, खटखटखट, आणि घड्याळाचं बटण दाबलं. मी माईक तोंडाला लावला, पटाकडे बघितलं. पटावर काय? ट्रेनियास!

ट्रेनियास! अकरांच्या घरात हा बारावा कुठून जन्माला आला? असला शब्दच नाही! तुम्ही म्हणाल, अर्थ नाही का त्याला. अहो, अर्थ कशालाच नसतो, अर्थ विचारायचा नाही, पण हा यादीत नाही! समोर कवायतीची सगळी पोरं मांडी घालून बसलेली, रोज सकाळी त्या अकरांवर उड्या मारणारी. सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला आणि बाहेर सोडलाच नाही. आमच्या शेजारच्या कुत्र्याला आणलं असतं तर त्यालाही कळलं असतं. मी चाचरत पुकारलं, "ट्रे... ट्रेनियास," आणि कुकरच्या सेलमधल्या दोन बायांनी टाळ्या वाजवल्या.

आता नुसता हात वर करायचा होता. नुसता हात! कम्रोन त्या शब्दाकडे बघतोय. मग बाबांकडे बघतोय. मग हसतोय. हसण्याचं मला सांगू नका, आमच्याकडे माणूस सुखात हसतो, अडचणीत हसतो, दाढ काढताना हसतो. मी मनातल्या मनात म्हणतेय, कर वर, कर, कर... आणि केला हो त्यानं! उजवा हात उचलला, खांद्यापर्यंत आला, आणि त्या हातानं त्यानं काय केलं? कान खाजवला. कान! घड्याळ टिकटिक करतंय, बाबा त्याच्याकडे टक लावून बघतायत, पंच बघतोय, हा आपला कान खाजवतोय. आणि मग दोन्ही हात जोडून वाकला, म्हणाला, "मास्तर, अभिनंदन."

बक्षीस द्यायला मिशन शाळेतले परदेशी सर आलेले. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला आणि इंग्रजीत काहीतरी छान, लांबलचक बोलले. बाबा कुठल्या तंद्रीत होते कोण जाणे, त्यांच्याकडे बघून अदबीनं वाकले आणि म्हणाले, "नॅस्टिअर." त्या सरांचा चेहरा... ते नको आता. मी कुकर उचलला आणि घरी आले.

घरी येऊन बाबांनी चषक कपाटावर ठेवला, भिंतीकडे तोंड करून. जेवले नाहीत. आई मात्र खुशीत, तिनं नव्या कुकरला भात लावलासुद्धा. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, "उद्या त्या आत्याला येऊ नको म्हणावं." मी म्हटलं, का? आणि मग जे गणित त्यांनी मांडलं ना, ते ऐका. म्हणाले, त्याला तो शब्द खोटा आहे हे कळलं नसेल, तर मी इतकी वर्षं शिट्टी वाजवून दगड शिकवला, दगडाला मुलगी द्यायची नाही. आणि कळलं असेल, तरी गप्प बसला असेल, तर त्यानं माझ्यावर दया केली. भरबाजारात माझ्यावर दया करणाऱ्याला तर मुळीच द्यायची नाही. आता बोला! इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये मी!

कम्रोनला फोन लावला. म्हटलं, खरं सांग, तुला माहीत होतं ना? तर म्हणतो, "मास्तरांना बरं वाटलं ना?" बरं? इकडे ते भिंतीकडे तोंड करून बसलेत, चषकाचं तोंडही भिंतीकडे! मी म्हटलं, निदान बाबांना सांग तरी की मला कळलं होतं. तर म्हणाला, "तसं सांगितलं तर मास्तरांनी खोटा शब्द लावला असा अर्थ होईल." म्हटलं, मग सांग की कळलं नव्हतं! तर म्हणे, "मग मास्तरांना वाटेल, त्यांनी शिकवलेलं वाया गेलं." मग करणार काय तू? "हसतो," म्हणाला. हसतो!

आता आत्याला येऊ नका सांगायचं काम माझं. फोन हातात घेतला, तर ती आधीच सुरू, "अगं, डुक्कर असं काही खरपूस झालंय, कातडी अशी कुडकुडतेय..." मला सांगा, एवढ्या उत्साहानं डुक्कर भाजलेल्या बाईला येऊ नका कसं म्हणायचं? मी म्हटलं, या. भीड मलाही आहेच की, याच घरातली आहे मी.

रविवारी आली. डोक्यावर ताट, मागे हा कम्रोन, पांढरा सदरा घालून, बोकडासारखा धुतलेला. सगळे खाली चटईवर बसले. आत्यानं रीतीप्रमाणे सुरुवात केली, तुमच्याकडे एक रोप आहे, आमच्याकडे जरा जमीन आहे... बाबा छताकडे बघतायत. कम्रोन हसतोय. आई सगळ्यांना नव्या कुकरचा भात वाढतेय. शेवटी आत्या कंटाळली, रोखठोक बाई, दुकानदार. म्हणाली, "मास्तर, झालंय तरी काय?" मी सांगितलं, एका शब्दावरून अडलंय. आत्या म्हणाली, "एका शब्दावरून? असा काय त्याचा अर्थ आहे?" आणि तुम्हाला सांगते, बाबा, मी आणि कम्रोन, तिघंही एका सुरात, "अर्थ विचारायचा नाही!"

आणि तिथे माझा बांध फुटला. म्हटलं पुरे! लहानपणापासून बघतेय, सगळे सगळ्यांचं मन सांभाळतायत आणि भात गार होतोय. मी बाबांच्या समोर गुडघ्यांवर बसले, हात जोडले आणि म्हटलं, "बाबा, तो शब्द खोटा होता. सगळ्या मॉलला माहीत होतं."

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. आत्यानं ताटावर झाकण घातलं. मला वाटलं आता बाबा उठून जाणार. ते उठले नाहीत. आपल्या हाताकडे बघत इतक्या हळू बोलले की आम्हाला पुढे वाकावं लागलं.

"सोंगट्या हातातून सुटल्या आणि लगेच कळलं, शब्द खोटा आहे," म्हणाले. "रोज सकाळी म्हणतो तीच अक्षरं. हाताला आठवेनाच. डोक्यात नुसतं पांढरं... म्हटलं, आता हा हात वर करेल, मी उचलून घेईन, सुटेन. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्यानं केलाच नाही. आता तो चषक माझ्या घरात चोरून आणल्यासारखा बसलाय."

खरं सांगते, मला तेव्हा रडू आलं. मी त्यांना इतकी वर्षं ओरडतेय, शिट्टीबद्दल, सॉसबद्दल, पण बाबा विसरू शकतात हे कधी डोक्यातच आलं नव्हतं माझ्या. कम्रोनचं हसू पहिल्यांदा पुसलं गेलं. म्हणाला, "मास्तर, हरकत घ्यायला मला तुम्हीच शिकवलंत. तुमच्यावर कशी घेऊ?"

"मग शिकवलेलं कर की," बाबा म्हणाले. आणि मला म्हणाले, "झॅक्स, पट आण."

आणला. दुसरं काय करणार? डुक्कर बाजूला सरकवलं आणि पट मांडला. दोघांनी बघता बघता आख्खा सामना जसाच्या तसा लावला, कुठली सोंगटी कुठे होती ते दोघांना तोंडपाठ, लग्नाची तारीख काढा म्हटलं असतं तर सहा महिने लागले असते. बाबांनी परत सात सोंगट्या लावल्या. ट्रेनियास. आणि मांडी घालून, ताठ बसून, डोळे मिटून घेतले. कम्रोन सरकत सरकत त्यांच्या पायाशी गेला. डोकं टेकवलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग परत आपल्या जागी येऊन बसला, उजवा हात वर केला, सरळ वर, कानाकडे न नेता, आणि म्हणाला, "हरकत."

तुम्हाला सांगते, बाबांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान आलं, असं काही... त्यांनी एकेक सोंगटी उचलून पट्टीवर परत ठेवली. म्हणाले, "बरोबर. शून्य गुण. तुझी पाळी."

आता मला सांगा, इथे थांबावं की नाही माणसानं? चूक झाली, कबूल झाली, हरकत घेतली, आता चषक त्याला द्या आणि डुक्कर कापा! पण नाही, सामना पुरा व्हायला पाहिजे. कम्रोननं आपली पाळी खेळली, बाबांची सात अक्षरं लावायची मुख्य जागा अडवून टाकली, चांगली पक्की. मी म्हटलं, वा, जिंकला हा, सुटलो. आई आपली आडून विचारतेय, म्हणजे कुकर परत करावा लागेल का, त्याच्यात तर भात आहे. आणि बाबांनी डोळे उघडले, पटाच्या पार वरच्या कोपऱ्यात बघितलं, तिथे एक फट होती, एवढीशी, आणि खट खट खट खट... रीटेन्स!

रीटेन्स! सातही! वर पन्नास! बाबा जिंकले! म्हणजे कळलं का तुम्हाला? शनिवारी यानं हरकत घेतली असती तरी हा हरलाच असता! चषकही तोच, कुकरही तोच, भातही तोच! दोन दिवस माझ्या जिवाचं जे पाणी झालं ते कशासाठी झालं? विचारू नका, काही अर्थ नव्हता!

बाबा असे हसायला लागले, असे हसायला लागले की डोळ्यांतून पाणी. कपाटावरचा चषक स्वतः उठून सरळ करून ठेवला. आत्याकडे वळून म्हणाले, "पोरगा चांगला आहे. मान ठेवतो, हरकत घेतो आणि शेवटी हरतो. जावई म्हणून आणखी काय पाहिजे?" आत्यानं एक अक्षर कळलेलं नसताना ताटावरचं झाकण काढलं, सुरी घेतली, आणि ती कातडी काय कुडकुडली म्हणून सांगू! मी मनातल्या मनात कांतांगच्या घराला पडदेसुद्धा लावून टाकले. नदी, वारा, आणि जेवताना सॉस मागितला की सॉस.

आणि तेवढ्यात बाबा डुकराचा तुकडा तोंडात टाकत म्हणाले, "कांतांगला कशाला जाता? मागची खोली रिकामीच आहे. लग्नानंतर इथेच राहा. रोज संध्याकाळी एक डाव टाकू, म्हणजे माझीही अक्षरं जायची नाहीत."

मी कम्रोनकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. आणि तुम्हाला सांगते, त्याचा उजवा हात उठला. खरंच उठला, मी या डोळ्यांनी बघितला, खांद्यापर्यंत आला, मी म्हटलं आता, आता म्हणणार, आता तर शिकलाय... आणि खालून त्याचा डावा हात आला, दोन्ही हात जुळले, तो वाकला, हसला आणि म्हणाला, "जशी मास्तरांची इच्छा."

मी उठले, केरसुणी घेतली आणि मागची खोली झाडायला गेले.